धोतराचा वळ आणि सूक्ष्मदर्शकाखालचे मोती

कमरेला धोतर घट्ट आवळले की तेथे वळ उठतो. दुपारच्या घामात तो चुरचुरतो, रात्री विसरला जातो. परंतु तोच वळ त्याच जागी वर्षानुवर्षे उठत राहिला तर? या प्रश्नाचा मागोवा मुंबईतील एका मराठी विकृतिशास्त्रज्ञाने घेतला. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

१९४१ साली परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. भारतात कर्करोग विरळाच, असा समज तेव्हा रूढ होता. १९४५ साली खानोलकर आणि त्यांच्या सहसंशोधक सूर्याबाई यांनी 'आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी' या नियतकालिकात लोकांच्या सवयींशी निगडित अशा कर्करोगांचे तीन नवे प्रकार मांडले. धोतराच्या काचण्याने कमरेवर होणारा कर्करोग हा त्यांपैकी एक.

वरवर पाहता ती केवळ न भरणारी जखम. ती इसब आहे, क्षय आहे की कर्करोग, याचा निवाडा ऊतकाच्या पातळ चकतीवरच होतो. निरोगी त्वचेत तळाशी जन्मलेल्या पेशी वर सरकताना चपट्या होतात, केराटिनने भरतात आणि अखेर गळून पडतात. शल्कपेशींच्या कर्करोगात हा क्रम बिघडतो. पेशी आधारपटल भेदून खाली अंतस्त्वचेत शिरतात व तेथे पुंजके करतात. केराटिन बनवण्याची जुनी सवय मात्र त्यांना सुटत नाही. गळून पडायला पृष्ठभागच नसल्याने ते केराटिन कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोल साचत जाते. यांनाच विकृतिशास्त्रज्ञ 'केराटिनचे मोती' म्हणतात. शेजारच्या पेशींना जोडणारे बारीक सेतूही दिसतात. या खुणा जितक्या ठळक, तितका कर्करोग सहसा सौम्य. अमेरिकेतील ब्रॉडर्स यांनी १९२० साली ओठाच्या कर्करोगाची प्रतवारी याच तत्त्वावर केली होती.

तथापि मोती पाहून कारण कळत नाही. पोटाशी निखाऱ्याची कांगडी धरणाऱ्या काश्मिरी माणसाच्या त्वचेत तेच मोती सापडतात; पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली वर्णिलेला लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोगही याच जातीचा. रोग कोणता, हे काचपट्टी सांगते. तो का झाला, हे रुग्णाला त्याचे रोजचे जगणे विचारल्यावरच उमगते. खानोलकरांनी दोन्ही प्रश्न विचारले, हे त्यांचे मोठेपण.

धोतर आज मागे पडले, परंतु परकराची नाडी आहेच. तिच्या काचण्यातून उद्भवलेल्या अशाच कर्करोगाची नोंद डॉक्टरांनी 'साडी कर्करोग' या नावाने केली आहे. तो दुर्मीळ आहे आणि टाळता येण्याजोगाही. नाडी सैल बांधावी, रुंद पट्टा वापरावा, बांधण्याची जागा बदलावी. कमरेवरची जखम काही आठवड्यांत भरली नाही, तर मलमावर विसंबून न राहता तिचा तुकडा तपासून घ्यावा. आपल्या घरातील आजी-आईला हे आजच विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.