मध्यरात्रीचा सूर्य आणि चिकपेट

आमचं घर मूळचं विट्याकडचं, धंदा गलाईचा. खानापूर-आटपाडी भागातली आमच्यासारखी माणसं सोनं आटवायला देशभर गेली, तशी चिकपेटेतही आली. एका संध्याकाळी भट्टी विझवताना पुतण्या म्हणाला, "काका, अंटार्क्टिकात मध्यरात्री सूर्य दिसतो म्हणतात. कुणी पाहिलाय? पृथ्वी सपाट आहे हे कळू नये म्हणून तर करार करून सगळ्यांना अडवलंय."

गिऱ्हाइकानं सोन्यावर शंका घेतली तर आम्ही रागावत नाही, कस लावून दाखवतो. म्हणून मीही हसलो नाही.

सूर्याची शंका जुनीच आहे. पौराणिक भूगोलात पृथ्वी सपाट, मधोमध मेरू आणि भोवती वर फिरणारा सूर्य. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात यावर साधा प्रश्न टाकला: पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर मेरूवरच्या देवांना सूर्य सतत दिसतो तसा माणसांना का दिसत नाही? पुढं त्यांनी हेही मांडलं, की ६६ अंशांपलीकडे काही काळ सूर्य मावळतच नाही. तिकडं न जाता, निव्वळ गणितानं!

आजच्या सपाटवाल्यांचं चित्रही जवळपास तेच आहे. मध्यभागी उत्तर ध्रुव, कडेनं अंटार्क्टिकाची बर्फाची भिंत. त्यात उत्तरेचा मध्यरात्रीचा सूर्य कसाबसा बसतो, दक्षिणेचा मात्र बसत नाही. म्हणून सगळा वाद दक्षिणेचा. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्यातल्याच काहींना अंटार्क्टिकात नेलं गेलं. सूर्य चोवीस तास डोक्याभोवती फिरला. एकानं आपली चूक कबूल केली. घरी बसलेल्या पुष्कळांनी चित्रफीतच खोटी ठरवली.

कराराची शंका मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. तिथं नियम आहेतच. १९५९ च्या करारावर बारा देशांनी सह्या केल्या; लष्करी कारवाया आणि अणुस्फोट बंद, जमिनीवरचे दावे गोठवलेले. पण त्याच करारानुसार सल्लागार देशांचे निरीक्षक कुणाच्याही तळावर जाऊन तपासणी करू शकतात. लपवाछपवी करणारे असं कलम कशाला घालतील? त्याआधी, १९५६ मध्ये, अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेण्याची खटपट भारतानंच केली होती.

आणि आपली पहिली मोहीम? ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली जहाज निघालं आणि ९ जानेवारी १९८२ ला माणसं बर्फावर उतरली. तेव्हा भारत करारात नव्हताच. सामील झाला ऑगस्ट १९८३ मध्ये. कुणी अडवलं नाही. आज 'मैत्री' तळावर उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळत नाही आणि हे सगळं काम वास्कोच्या संस्थेतून चालतं, आपल्या गावाहून एका रात्रीच्या वाटेवर.

पुतण्या थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी गेलो तर चालेल?"

"२०२२ च्या कायद्यानं परवाना लागतो."

"बघा, अडवलंच की!"

"तुझ्या गाडीलाही लायसन लागतं," मी म्हटलं. तो हसला आणि मूस पुसून फळीवर ठेवली.