मधुमेहजन्य तंत्रिकाविकृती
रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्याने तंत्रिकांना व त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना होणारी इजा. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ती निदानाच्या वेळीच आढळू शकते. सर्वांत लांब तंतू आधी बाधित होतात; म्हणून मुंग्या, जळजळ व बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकतात. दुखणे बहुधा रात्री वाढते; पण खरा धोका न दुखण्यात आहे. चपलेतला खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते, प्रसंगी पाय कापावा लागतो. प्राथमिक तपासणीस १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा आणि १२८ हर्ट्‌झचा नादकाटा पुरतात. प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटीन वेदना शमवतात, तंत्रिका दुरुस्त करीत नाहीत. मेटफॉर्मिनच्या दीर्घ सेवनाने ब-१२ जीवनसत्त्व घटल्यासही अशीच लक्षणे दिसतात. ते तपासणे मात्र अनेकदा राहून जाते.