तळटीप १४ : उपवासकाळ आणि सदाचरण

१४. नौपाड्यातल्या शेजाऱ्यांच्या ज्या उपवासाचा येथे उल्लेख आहे, तो ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ होय. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून तो सुरू होतो. रविवार वगळता त्याचे ४० दिवस भरतात. नौपाड्याजवळ मासुंदा तलावालगत सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे पोर्तुगीजकालीन चर्च आहे. अशा कॅथलिक चर्चांत या काळात प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तिन्हींवर भर असतो. यांतले एकही वगळले तर उपासना अपुरी राहते. यशयाच्या ५८व्या अध्यायात भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा देणे हाच देवाला मान्य असलेला उपवास ठरतो. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे, दुखावलेल्या भावाशी आधी समेट करावा, मगच वेदीवर अर्पण वाहावे. पापनिवेदन करणाऱ्यानेही चोरलेली वस्तू परत करणे, कुणाची बदनामी केली असल्यास ती शक्य तितकी भरून काढणे अपेक्षित असते. केवळ पश्चात्तापाचे शब्द पुरत नाहीत. प्रॉटेस्टंट परंपरेतही हाच आग्रह आहे. पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) १८९६-९७च्या दुष्काळात निराधार मुली-विधवांना आश्रय दिला, केडगावला मुक्ती मिशन उभारले. अनाथ-विधवांचा सांभाळ हीच निर्मळ भक्ती, ही याकोबाच्या पत्रातली (१:२७) शिकवण त्यांनी आयुष्यभर आचरली. म्हणून येथील ‘उपवास’ वाचताना ताटाइतकाच शेजाऱ्याशी असलेला व्यवहारही ध्यानात घ्यावा. — संपा.