एका उपसर्गाचे अठरा महिने

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी दीड वर्ष काढलं. तेव्हाची इंग्रजी शब्दांची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. क्लासच्या सरांनी एक युक्ती शिकवली होती. अवघड शब्द आला की घाबरायचं नाही, तो तोडायचा. ‘डिस’ म्हणजे नाही, ‘अफेक्शन’ म्हणजे प्रेम. म्हणून ‘डिसअफेक्शन’च्या पुढे मी लिहिलं, ‘प्रेम नसणे’. वाक्यात उपयोगाचा रकाना रिकामाच राहिला, कारण वाक्य काही सुचेना. ‘मला शेजाऱ्यांविषयी डिसअफेक्शन आहे’ हे कानाला विचित्रच वाटत होतं.

पुढे आधुनिक भारताचा इतिहास वाचताना हा शब्द पुन्हा भेटला, आणि माझी युक्ती माझ्याही आधी एका न्यायमूर्तींनी वापरली होती हे कळलं. त्या वापरापायी पुण्यातूनच चालणाऱ्या ‘केसरी’चे संपादक तुरुंगात गेले होते.

साल १८९७. पुण्यात प्लेग, घराघरांत शिरणारे गोरे सोल्जर, लोकांच्या मनात खदखद. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आला आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आली. आठवड्याभराने, २२ जूनच्या रात्री, रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. खुनाशी त्यांचा संबंध आहे असा आरोप त्यांच्यावर नव्हताच. आरोप होता कलम १२४अचा, म्हणजे लिखाणातून सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ चेतवल्याचा.

म्हणजे सगळा खटला एका शब्दाच्या अर्थावर उभा. हे कलम १८७० साली दंडसंहितेत आलं. त्यात एक स्पष्टीकरणही होतं: सरकारच्या धोरणाविषयी नुसती नापसंती दाखवणं म्हणजे डिसअफेक्शन नव्हे. पण डिसअफेक्शन म्हणजे नेमकं काय, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. १८९१ साली कलकत्त्यात ‘बंगबासी’ वृत्तपत्राच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश पेथरम यांनी प्रेमाच्या उलट भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, असा अर्थ लावला होता. त्या ज्युरीचं एकमत झालं नाही आणि पुढे प्रकरण माफीवर मिटलं.

मुंबईत न्यायमूर्ती स्ट्रेची त्याहून एक पाऊल पुढे गेले. त्यांनी ज्युरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे सरळसरळ प्रेमाचा अभाव. मग त्याच पिशवीत द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सगळ्या प्रकारचा आकस भरला. दंगा झाला का, कुणी चिथावलं गेलं का, याच्याशी कर्तव्य नाही; वाचकाच्या मनात तशी भावना जागवण्याचा प्रयत्न पुरेसा. ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आता जरा थांबून मराठीत हाच खेळ करून बघा. ‘अपमान’ हा शब्द घ्या. ‘अप’ बाजूला काढला की उरतो ‘मान’. मग अपमान म्हणजे मानाचा अभाव का? रस्त्यात मी तुम्हाला ओळखलं नाही, नमस्कार केला नाही, तर मान दिला नाही हे खरं. पण अपमान केला असं तुम्ही म्हणणार नाही. त्यासाठी मला काहीतरी करावं लागेल. ‘अमित्र’ हा जुना शब्दही तसाच: जो मित्र नाही तो नव्हे, शत्रू. उपसर्ग नुसता वजाबाकी करत नाही, कधीकधी तो शब्दाला वेगळ्याच गावाला नेतो. इंग्रजीतही ‘डिसअफेक्टेड’ माणूस म्हणजे प्रेम आटलेला माणूस नव्हे. सत्तेशी निष्ठा तुटलेला, उलटलेला माणूस, असाच राजकीय वापर त्या शब्दाचा होता. शब्द तोडून अर्थ कळतो, वापर कळत नाही. माझ्या वहीत या चुकीमुळे एक रकाना रिकामा राहिला होता, एवढंच.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो त्याच वर्षीचा दुसरा खटला. पाठ्यपुस्तकांत तो सहसा नसतो. इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ या छोट्या पत्रावर हेच कलम लागलं आणि अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आलं. पीठावर फॅरन, पार्सन्स आणि महादेव गोविंद रानडे होते. रानड्यांनी लिहिलं की डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाची किंवा सदिच्छेची नुसती उणीव नव्हे. ती एक ठाम विरोधी भावना आहे, राजनिष्ठा सोडण्याच्या जवळची, सत्तेला धुडकावणारी. पार्सन्स यांनाही ‘प्रेमाचा अभाव’ हा अर्थ मान्य नव्हता. ‘प्रतोद’वाल्यांची शिक्षा कमी झाली, दोष मात्र कायम राहिला. मातृभाषा मराठी असलेला न्यायाधीश इंग्रजी शब्दाचा वापर इंग्रज न्यायाधीशापेक्षा नेमका सांगतो, हे वाचून मी अभ्यासिकेत एकटाच हसलो होतो. शेजारच्याने ‘शूऽऽ’ केलं.

टिळकांसाठी प्रिव्ही कौन्सिलपुढे अ‍ॅस्क्विथ उभे राहिले. हेच ते पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले. अर्थ चुकीचा लावला हाच त्यांचा मुद्दा होता, पण अपिलाची परवानगी मिळाली नाही. १८९८ साली सरकारने कलमच बदललं आणि डिसअफेक्शनमध्ये राजनिष्ठेचा अभाव व वैराच्या सर्व भावना येतात असं लिहून टाकलं. वाद मिटला, शब्द रुंदावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, मॅक्स म्युलर यांच्यासारख्यांनी केलेल्या विनंतीनंतर, टिळक मुदतीआधी सुटले. १९०८ साली ते पुन्हा त्याच कलमाखाली उभे राहिले. या वेळी त्यांनी स्वतः बाजू मांडली, एकवीस तासांहून जास्त वेळ. त्यातला बराच भाग आपल्या मराठी शब्दांची इंग्रजी भाषांतरं कशी भडक केली आहेत हे दाखवण्यात गेला. शिक्षा झाली सहा वर्षं, मंडाले.

१९२२ साली अहमदाबादला गांधीजींनी उलटाच डाव टाकला. अर्थावर वाद घालायचाच नाही. आरोप कबूल. मग त्यांनी म्हटलं की प्रेम कायद्याने तयार करता येत नाही, आणि कुणाविषयी ते नसेल तर हिंसेला चिथावणी न देता तसं बोलण्याची मोकळीक माणसाला हवी. स्ट्रेचींचा अर्थ घ्या, आणि हा कायदा प्रजेकडून चक्क प्रेम मागतोय असं होतं. न्यायाधीश ब्रूमफिल्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देत सहाच वर्षं दिली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या १५२व्या कलमात हा शब्द नाही. पण पोलिसांमध्ये ‘अप्रीतीची भावना’ चेतवण्याविरुद्धचा १९२२चा कायदा आहे, आणि ‘अप्रीती’ हा मराठी शब्द तिथे सरकारी कागदात भेटतो. ‘अ’ आणि ‘प्रीती’. ज्याने तो घडवला त्याच्याकडेही बहुतेक माझ्या सरांचीच युक्ती होती.

वहीतलं ‘प्रेम नसणे’ मी खोडलं आणि वर बारीक अक्षरात ‘सत्तेशी तुटलेपण, वैरभाव’ असं लिहिलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘१८९७, मुंबई उच्च न्यायालय’. वाक्य अजून लिहिलेलं नाही.