किंमत लक्षात राहिली, बाई नाही

चंदनबालेची कथा आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते. कौशांबीच्या बाजारात ती विकली गेली, शेठाणीने तिला बेड्या घातल्या, पुढे तिच्या हातून महावीरांना आहार मिळाला. ती केवढ्याला विकली हे कुणी विचारत नाही. ३६ हजार आर्यिकांची ती प्रमुख झाली, हे मात्र प्रत्येकीला ठाऊक असतं.

आमच्या ग्वाल्हेरच्या बाजूच्या एका बाईचं नेमकं उलट झालं. थाटीपुरातून शिवपुरीला जायला अर्धा दिवसही लागत नाही. त्या शिवपुरीजवळच्या गावची कमला. एप्रिल १९८१मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी तिला २,३०० रुपयांना विकत घेतलं आणि दिल्लीला नेऊन बातमी छापली. पंजाबात म्हैस घ्यायला याच्या दुप्पट पैसे पडतात, असा हिशेबही बातमीत होता. हेतू चांगलाच होता. माणसांच्या व्यापाराला संविधानाच्या २३व्या कलमाने बंदी केलेली असताना हा बाजार उघड चालतो, हे त्यांना दाखवायचं होतं. देश हादरला, हेही खरं. पण लोकांच्या तोंडी राहिलं काय? २,३०० रुपये आणि म्हैस.

त्याच वर्षी विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ नाटक लिहिलं. त्यातला पत्रकार विकत आणलेल्या बाईला पत्रकार परिषदेत उभी करतो आणि तिथे तिची थट्टा होते. घरी तीच कमला पत्रकाराच्या बायकोला साधेपणाने विचारते, की तुम्हाला केवढ्याला घेतलं? बातमीत बाईची किंमत होती. नाटकात ती स्वतः प्रश्न विचारते.

पुढे या नाटकावर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा वर्तमानपत्र मुंबई उच्च न्यायालयात गेलं. म्हणणं असं, की ही कथा आमच्या लेखांवरून घेतली. खरोखर घडलेल्या घटनेवर कुणाची मालकी नसते, असं न्यायालयाने सांगितलं आणि वर्तमानपत्राचं म्हणणं टिकलं नाही. वाद कथा कुणाची, याचा होता. एका बाजूला वर्तमानपत्र, दुसऱ्या बाजूला चित्रपटवाले. जिची कथा, ती कमला कुठल्याच बाजूला नव्हती.

आजही मथळे येतात, ‘अमुक हजारांत विकली’. कुणी विकली, घेणाऱ्याचं काय झालं, खटला कुठवर आला, ती आता कुठे आहे, याचा पत्ता त्या बातमीत बहुधा नसतो. पीडितेची ओळख लपवायला हवीच, कायदाही तेच सांगतो. पण ओळख लपवणं वेगळं आणि माणूस विसरणं वेगळं.

बायांनो, सकाळी चहाबरोबर अशी बातमी वाचाल तेव्हा आकड्यापाशी थांबू नका. महिन्याभराने त्याच पेपरला एक पोस्टकार्ड टाका: ‘त्या मुलीचं पुढे काय झालं?’ दहाजणींनी विचारलं, तर संपादकाला उत्तर शोधावंच लागेल.