हंगामी मुक्कामाचा इतिहास कुठल्या कागदांत शोधायचा?

सणावाराला, यात्रेला घरातल्या खोल्या भाड्याने द्यायच्या आणि नगरपालिकेने त्यावर नियम करायचे. हा प्रश्न मोबाइल ॲपसोबत आला, असं आपण धरून चालतो. पण या विषयाचा संशोधन आराखडा लिहायला बसला असाल, तर आधी दीडशे वर्षं मागे जा.

१८६७ चा सराय कायदा बघा. सरायवाल्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंद करायची, खोल्या आणि विहिरी स्वच्छ ठेवायच्या, दर लावून ठेवायचे, कोणाला संसर्गजन्य रोग झाला तर पोलीस ठाण्याला कळवायचं. म्हणजे इथे प्रवासी हा मुख्यतः बंदोबस्ताचा विषय आहे.

चारच वर्षांनी, १८७१ मध्ये, पुरीसाठी बंगालमध्ये यात्रेकरू निवासांचा वेगळा कायदा झाला. रथयात्रेला लोक घराघरांत दाटीवाटीने उतरत, आणि सरकारला धास्ती होती पटकीची. म्हणून परवाना, आरोग्य तपासणी आणि एका घरात किती माणसं उतरवायची याची मर्यादा आली. आजच्या नियमांचा सांगाडा तोच आहे. न्यूयॉर्कने २०२३ पासून लागू केलेल्या नियमांतही यजमानाची नोंदणी आणि पाहुण्यांची मर्यादा आहे. फक्त काळजी बदलली: तेव्हा साथीची होती, आता स्थानिकांना घरं पुरण्याची आहे.

आता नागपुरात या. या एकाच शहरात तीन प्रकारची गर्दी होते. १९५३ च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन इथे भरू लागलं. त्या पाहुण्यांसाठी आमदार निवास, रविभवन अशा कायमच्या इमारती आहेत. दुसरी गर्दी गांधीबागेतली. कापडाच्या ठोक बाजारात लग्नसराईच्या आधी बाहेरगावचे व्यापारी येतात आणि आसपासच्या लॉजमध्ये उतरतात. तिसरी दीक्षाभूमीची. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते. समोर जमलेल्या लाखोंपैकी बहुतेकांना मात्र हॉटेल परवडणारं नव्हतं. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला असंख्य लोक शाळांत, मंडपांत, नातेवाइकांकडे राहतात.

पद्धतीचा मुद्दा इथेच आहे. पहिल्या गर्दीचा माग तुम्हाला सरकारी बांधकामाच्या कागदांत लागेल. दुसरीचा लॉजच्या रजिस्टरात, मालमत्ता कराच्या नोंदीत आणि धर्मशाळा असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. तिसरीचा माग लॉजच्या रजिस्टरात शोधाल, तर जवळजवळ काहीच हाती लागणार नाही. तिच्यासाठी पाण्याचे टँकर, तात्पुरती शौचालयं, शाळांचा ताबा यांचे आदेश वाचावे लागतील, आणि लोकांशी बोलावं लागेल.

म्हणून "नियम कोणते?" एवढंच विचारून थांबू नका. नोंद कोणत्या खात्याने ठेवली ते विचारा: पोलीस, आरोग्य की कर? ज्या खात्याची वही, त्याचाच प्रश्न त्या वहीत दिसतो. आणि त्या वहीत कोण आलंच नाही, हेही विचारा.

हा प्रश्न फक्त प्रबंधापुरता नाही. उद्या एखाद्या महापालिकेने हंगामाची तयारी केवळ नोंदणीकृत खोल्या मोजून केली, तर जो शाळेच्या वऱ्हांड्यात झोपणार आहे, तो तिच्या हिशेबातच नसेल. त्याच्या वाटचं पाणीही मग त्या हिशेबात नसेल.