कुणबीण, रामा, मोलकरीण : घरकामाच्या नावांचा इतिहास

१

घराची झाडलोट, धुणे आणि भांडी ही कामे दुसऱ्याकडून करवून घेण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तिचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. हे काम उंबऱ्याच्या आत चालते आणि इतिहासाची साधने बहुधा उंबऱ्याबाहेर निर्माण होतात, हे त्याचे उघड कारण होय. हिशेबाच्या वहीतील एखादी ओळ वा वाटणीपत्रातील एखादे कलम यापलीकडे हे काम करणाऱ्यांचा उल्लेख सहसा आढळत नाही. अशा वेळी भाषा साहाय्यास येते. घरकाम करणाऱ्या माणसाला समाजाने कोणत्या काळी कोणत्या नावाने ओळखले, हे पाहिले असता त्या श्रमामागील संबंध कसा बदलत गेला, किंबहुना कोठे बदलला नाही, हे बऱ्याच अंशी उलगडते.

२

पेशवेकालीन कागदपत्रांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे दोन शब्द वारंवार येतात. तेथे कुणबीण म्हणजे केवळ कुणबी जातीची स्त्री नव्हे; विकत घेतलेली, बक्षीस मिळालेली अथवा सरकारजमा झालेली गुलाम स्त्री, असा त्याचा अर्थ आहे. दुष्काळात विकल्या गेलेल्या, मोहिमांत पकडलेल्या आणि बदकर्माच्या आरोपावरून शिक्षा झालेल्या स्त्रिया या वर्गात येत. सरकारी कोठ्या, किल्ले व पागा येथे, तसेच सरदार-सावकारांच्या वाड्यांत दळणकांडण, धान्य निवडणे, झाडणे, सारवणे ही कामे त्यांच्याकडे असत. त्यांची मुलेही धन्याच्या मालमत्तेत गणली जात.

या शब्दाची व्युत्पत्ती विचार करण्याजोगी आहे. ‘कुणबी’ हा शब्द संस्कृत ‘कुटुम्बिन्’ या शब्दापासून आला, असे सामान्यतः मानले जाते. त्या मूळ शब्दाचा अर्थ कुटुंबवत्सल गृहस्थ. त्या हिशेबाने ‘कुणबीण’ ही मुळात गृहिणी ठरते. जिचे कुटुंब हिरावून घेऊन जिला दुसऱ्याच्या घरात राबण्यास लावले, तिच्यासाठी कुटुंबापासूनच निघालेला शब्द रूढ व्हावा, यात केवळ योगायोग नाही. गुलाम स्त्री ही घराबाहेरची मानली जात नसे. ती घराच्या मालकीची, म्हणून घरातली होती. तिला अन्नवस्त्र मिळे. तिच्या देहाची किंमत दिली जाई, ती विकणाऱ्याला; तिच्या कामाची किंमत कोणालाच दिली जात नसे.

३

इ. स. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी गुलामगिरीचा हक्क मानू नये असे ठरले. पुढे १८६० च्या भारतीय दंडविधानाने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. शब्द मात्र कायद्याबरोबर नाहीसे होत नाहीत. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तीत ‘कुणबीण’ या शब्दाचा गुलाम स्त्री हा अर्थ कायम आहे.

तिच्या जागी जो शब्द हळूहळू सर्वसामान्य झाला तो ‘मोलकरीण’. ‘मोल’ हे संस्कृत ‘मूल्य’ याचे रूप. त्यास ‘शेतकरी’, ‘वारकरी’ यांत दिसणारा ‘-करी’ हा प्रत्यय लागून ‘मोलकरी’ झाला आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘मोलकरीण’. मोल घेऊन काम करणारी, एवढाच त्याचा अर्थ. पुल्लिंगी ‘मोलकरी’ पुढे मागे पडला व त्याची जागा ‘गडी’ या शब्दाने घेतली. स्त्रीलिंगी रूप तेवढे टिकले. आज हा शब्द कानाला हीन वाटतो आणि सभ्य घरांत तो टाळला जातो. वस्तुतः या परंपरेतील शब्दांत कामाचा मोबदला स्पष्टपणे सांगणारा हाच एक शब्द आहे. कुणबिणीचे मोल होत असे. मोलकरणीला मोल मिळते. शब्द तुच्छ झाला तो त्याच्या अर्थामुळे नव्हे, तर ते काम करणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याच्या दृष्टीमुळे.

४

मुंबईत या इतिहासाला निराळे वळण मिळाले. तेथील इंग्रज घरांत चाकरांची कामे काटेकोर वाटलेली असत. दिवाबत्ती व भांडी मशालजीकडे, तर झाडझूड व सामानाची साफसफाई ‘हमाला’कडे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन याने १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘बिहाइंड द बंगलो’ या विनोदी पुस्तकात हमालावर स्वतंत्र प्रकरण आहे. ओझे वाहणारा या मूळ अरबी अर्थाचा हा शब्द साहेबाच्या घरात फडके हाती घेता झाला; साहेब गेल्यावर तो पुन्हा ओझ्याकडेच परतला.

कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, पोटासाठी मुंबईस आलेले पुरुष गिरण्यांत शिरले, तसेच गुजराती, पारशी व इतर सुखवस्तू घरांत घरगडी म्हणूनही राहिले. या गड्याचे नाव काहीही असो, त्याला ‘रामा’ म्हणत. एका विशेषनामाचे सामान्यनाम झाले, आणि ज्याला ते लावले त्याचे स्वतःचे नाव पुसले गेले. रामा घरातच, बहुधा स्वयंपाकघरात वा जिन्याखाली निजे. त्याच्या कामाला घड्याळ नव्हते. पगार होता, परंतु तो कामाचा नव्हे, संपूर्ण माणसाचा होता.

५

पुण्यातील वाड्यांत व पुढे मुंबईच्या सदनिकांतही निवासी गड्याची जागा ठरावीक वेळी येऊन जाणाऱ्या स्त्रीने घेतली. घरे लहान झाली, नळ घरात आले, शेणाने सारवलेल्या जमिनीवर फरशी बसली. ‘सारवण’ गेले, पुण्यात ‘केर-फरशी’ आणि मुंबईत ‘केर-लादी’ आली. या बदलाबरोबर हिशेबाचे एककही बदलले. धुणे हे एक काम, भांडी हे दुसरे, केर-फरशी हे तिसरे. प्रत्येकाचा दर वेगळा. माणसाऐवजी काम मोजले जाऊ लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

या व्यवहाराची परिभाषा दोन्ही बाजूंनी वेगवेगळी आहे. घरमालकीण ‘बाई लावते’. दूध लावावे, वर्तमानपत्र लावावे, डबा लावावा, तशी बाई लावावी. येथे बाई हे क्रियापदाचे कर्म आहे. काम करणारी स्त्री मात्र ‘काम धरते’ आणि ‘काम सोडते’. तिच्या वाक्यात कर्ता ती स्वतः आहे. न आलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात व तो पगारातून कापला जातो. दुधाच्या हिशेबातही हाच शब्द चालतो. आगाऊ रक्कम ती ‘उचल’. दिवाळीला दिली जाते ती ‘पोस्त’. तिच्यात हक्कापेक्षा खुशीचा भाग अधिक. हीच रक्कम ‘बोनस’ म्हणून मागितली जाऊ लागली तेव्हा केवळ शब्द बदलला नाही, मागणाऱ्याची भूमिका बदलली.

या सर्वांवर जातीची छाया होती, हे विसरून चालणार नाही. सोवळे पाळणाऱ्या घरांत मोलकरणीने घासलेली भांडी घरची स्त्री पुन्हा पाण्यातून काढून घेई. पाणी भरण्यास वेगळा ब्राह्मण पाणक्या असे. शौचकूप साफ करणाऱ्याला तर घराच्या मागच्या दारापलीकडे प्रवेश नव्हता. ‘घरातलीच’ म्हटलेल्या स्त्रीचा कप फळीवर वेगळा ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत पुढेही टिकून राहिली.

‘मावशी’, ‘ताई’ ही संबोधने याच संदर्भात तपासावी लागतात. त्यांत आपुलकी नसते असे नाही. पण नात्याचा शब्द आला की मोलाचा शब्द उच्चारणे अवघड होते. ‘ती आमच्या घरातलीच आहे’ हे वाक्य पगारवाढीच्या मागणीपुढे पुष्कळदा उत्तर म्हणून येते. कुटुंबाच्या नावाखाली श्रमाचा मोबदला झाकण्याची जी रीत ‘कुणबीण’ या शब्दात दिसली, तिचाच हा सौम्य अवशेष होय.

६

१९७२ च्या दुष्काळानंतर ग्रामीण भागातून अनेक कुटुंबे पुण्यात आली आणि त्यांतील स्त्रियांना घरकामात शिरावे लागले. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कामगार कुटुंबांतील अनेक स्त्रियांवर हीच पाळी आली. तत्पूर्वी १९८० साली पुण्यातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी पगारवाढ व रजा यांसाठी उत्स्फूर्त संप केला होता. त्यातून जी संघटना उभी राहिली तिचे नाव ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’. सुशिक्षित समाज जो शब्द टाळत होता, तो त्या स्त्रियांच्या संघटनेने फलकावर लिहिला. मोल घेऊन काम करणे ही लाजेची गोष्ट नाही आणि मोलाविना काम होणार नाही, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दाने सांगितले.

कायद्याची पावले याहून मंद पडली. घरकामगारांच्या सेवाशर्तींविषयी १९५९ साली संसदेत मांडलेले विधेयक कायद्यात उतरले नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला. ‘घरेलू’ हे विशेषण हिंदीतून आले. ‘कामगार’ हा शब्द मात्र या श्रमाला अधिकृतपणे लागला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, अनुसमर्थन मात्र केले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वर्गासाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास केंद्र सरकारला सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत एका कंपनीने भ्रमणध्वनीवरून तत्काळ घरकामगार पुरविण्याची सेवा सुरू केली, आणि तिच्या इंग्रजी नावातील ‘मेड’ या शब्दावर टीका होताच तो काढून ‘हेल्प’ असा शब्द योजला. तथापि ‘मदत’ हा शब्दही मोल सांगत नाही. मदत ही स्वखुशीने केली जाते. काम ठरलेल्या दराने केले जाते.

तात्पर्य, या दोन-अडीच शतकांत नावे सौम्य होत गेली, म्हणजे संबंध न्याय्य होत गेला, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. ज्या शब्दांनी घरकामाला नात्याचे वा साहाय्याचे रूप दिले त्यांनी त्याचा मोबदला पुष्कळदा झाकला. ज्या शब्दाने तो उघड सांगितला तो शब्द हीन मानला गेला. घरकामगाराच्या रजेचा, दराचा व म्हातारपणाचा प्रश्न आज कायद्यापुढे आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत ‘मोलकरीण’ या शब्दातील ‘मोल’ हे पद अभ्यासकांनी तरी नजरेआड करू नये.